जुन्या ॲन्शुट्झचा ग्रुप पावसाळ्यात पसरतोय. नळी खरंच संपली का?

अनगोळकर
६ जुलै, रात्री ९.५०

नमस्कार मंडळी, बेळगावहून. बरेच दिवस इथे नुसतं वाचत होतो, आज लिहायची वेळ आली.

माझ्याकडे काकांची ॲन्शुट्झ १४११ आहे, जर्मन टार्गेट रायफल. .२२ बोअर, मॅच ५४ ॲक्शन (बोल्ट बसतो तो लोखंडी भाग), अक्रोडाचा दस्ता. काकांनी तिच्यावर पंचवीस वर्षं प्रोन, म्हणजे पालथं झोपून, मारलं. ते गेल्यावर रीतसर अर्ज करून परवाना माझ्या नावावर झाला, त्याला आता दोन वर्षं होतील. फेब्रुवारीत वाळूच्या पोत्यांवर टेकवून ५० मीटरला दहा गोळ्यांचे ग्रुप, म्हणजे भोकांचे पुंजके, १७-१८ मिलिमीटरचे येत होते. जूनच्या मध्यापासून तेच ग्रुप ३० च्या वर गेलेत. त्यातही एक गंमत आहे, म्हणजे मला तरी उलगडत नाही: पहिल्या चार-पाच गोळ्या एका जागी पडतात आणि पुढच्या थोड्या डावीकडे, वर. काडतुसं तीच, एसके स्टँडर्ड प्लस, एकाच लॉटची. माझ्या कपाटात कोरडी ठेवलेली.

गेल्या आठवड्यात एका दुकानात दाखवली. तिथल्या माणसाने नळीत टॉर्च मारला, मिनिटभर बघितलं आणि सांगितलं, "नळी संपली. नवी घाला, नाहीतर काढून टाका." नव्या नळीचा खर्च माझ्या आवाक्यातला नाही. आणि काढून टाकायला मन तयार नाही. काकांची सरावाची वही माझ्याकडे आहे, प्रत्येक रविवारचा स्कोअर त्यात शाईने लिहिलेला आहे. नळीचं निदान टॉर्चने एका मिनिटात होतं का, एवढंच कुणी जाणकार सांगा.


निवृत्त सुभेदार
६ जुलै, रात्री १०.३५

बाळा, आधी शांत हो. .२२ ची नळी अशी एका पावसाळ्यात संपत नाही. शिशाची मऊ गोळी, वर मेणाचा हात, दाब कमी, आणि मागे चिमूटभर बारूद. पन्नास हजार फैरी झालेल्या नळ्या मी स्वतः चालवल्यात आणि त्या चांगल्या चालत होत्या. संपायची असती तर हळूहळू संपली असती, फेब्रुवारी ते जून एवढ्यात नव्हे.

टॉर्चने काय दिसतं? चकाकी दिसते. गंज असेल तर तो दिसेल. बाकी काही नाही.

आता मला चार गोष्टी सांग. दस्त्याचे दोन स्क्रू शेवटचे कधी आवळलेस? नळी कधी साफ केलीस, आणि कुठल्या बाजूने? बोल्ट आतून कधी उघडला होता? चौथं, ती वही काढ आणि काकांचे जून-जुलैचे आकडे बघ. माणूस गेला तरी त्याची नोंद खोटं बोलत नाही.


दुधाळीकर
७ जुलै, सकाळी ७.१०

सुभेदारसाहेबांशी सहमत. मी कोल्हापूरला दुधाळीच्या रेंजवर मारतो, आमच्याकडेही जुन्या रायफली भरपूर आहेत.

एक हिशेब लक्षात ठेवा, त्यामुळे घाबरायचं कधी आणि नाही कधी ते कळतं. ५० मीटरच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं. गोळी ५.६ ची. भोकाची कड वर्तुळाला शिवली की दहा. म्हणजे गोळीचं केंद्र मध्यापासून ८ मिलिमीटरच्या आत पडलं पाहिजे. त्यामुळे केंद्र ते केंद्र १६ मिलिमीटरचा ग्रुप देणारी रायफल, झिरो (साइटची जुळणी) बरोबर असेल तर, सगळे दहा देऊ शकते. तुमची फेब्रुवारीतली १७-१८ ची रायफल जवळजवळ तिथे पोचलेली होती. संपलेली नळी असं मारत नाही.

दुसरं, पाच गोळ्यांच्या एका ग्रुपवरून काहीही ठरवू नका. दहा-दहाचे किमान पाच ग्रुप मारा, तारीख, हवा, वारा लिहा, आणि दोन चाचण्यांच्या मधे एकच गोष्ट बदला. स्क्रूही आवळले, नळीही घासली, काडतूसही बदललं आणि ग्रुप सुधारला, तर कशाने सुधारला ते देवालाच ठाऊक. पुढच्या वर्षी परत बिघडला की परत पहिल्यापासून.

आपल्या या पट्ट्याला .२२ ची नाळ आहे म्हणून एवढं सविस्तर लिहितोय. तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये जगज्जेत्या झाल्या, ६०० पैकी ५९७. स्वप्निल कुसाळे राधानगरीतल्या कांबळवाडीचे, २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचं (गुडघ्यावर, झोपून, उभं राहून) कांस्य, ४५१.४ गुण. दोन्ही प्रकार याच .२२ चे. निपाणीतून निघालात तर त्या गावापर्यंत तासा-दोन तासांचाच रस्ता. आपल्या भागात एक चांगली रायफल उगाच मोडीत निघू नये.


अनगोळकर
७ जुलै, रात्री ८.४०

सुभेदारसाहेब, दुधाळीकर, मनापासून आभार.

स्क्रूंना मी आजवर हातच लावला नव्हता, भीतीने. नळी दर पन्नास-साठ गोळ्यांनी पुलथ्रूने, म्हणजे दोरीला बांधलेली चिंदी नळीतून ओढून, साफ करतो. बोल्ट कधीच उघडलेला नाही.

आणि वही बघितली. अंगावर काटा आला. सहा वर्षांचे आकडे ओळीने काढले. दर वर्षी जूनच्या शेवटी काकांचा स्कोअर पाच-सहा गुणांनी खाली, दिवाळीनंतर परत वर. काकांनी बाजूला बहुतेक वेळा "वारा" असं लिहिलंय. दोन ठिकाणी मात्र "वारा नाही, तरी" एवढंच लिहिलंय, पुढे काही नाही.

अजून एक. नळीवर एक छोटा शिक्का आहे, हरणाच्या शिंगासारखा, शेजारी एच आणि सी अशी दोन अक्षरं. त्यावरून वय कळतं का?


दुधाळीकर
७ जुलै, रात्री ९.०५

कळतं. शिंग म्हणजे जर्मनीतल्या उल्म इथल्या तपासणी केंद्राचा शिक्का. अक्षरं म्हणजे साल: ए म्हणजे ०, बी म्हणजे १, असं मोजत गेलात की सी २ आणि एच ७. तुमची रायफल १९७२ ला तपासली गेलीय.


निवृत्त सुभेदार
७ जुलै, रात्री ९.४०

"वारा नाही, तरी." काका हुशार माणूस होता. त्याला वास आला होता.

बाळा, हे लाकूड आहे. अक्रोड कितीही जुना असला तरी हवेतलं पाणी पितो, आणि फुगतो तो आडवा, रेषेच्या दिशेने नाही. बाहेरून पॉलिश असतं, पण आतली खाच, जिथे ॲक्शन बसते आणि नळी जाते, ती बहुतेक जुन्या दस्त्यांत कोरडी, उघडी असते. तिथून पाणी शिरतं. कणकुंबी-जांबोटीकडून ढग यायला लागले की आपल्याकडे चार महिने भिंतीसुद्धा ओल्या असतात, मग दस्त्याचं काय.

उद्या एक कर. रायफल रिकामी आहे ना ते दोनदा बघ. दहाची नोट घे, नळी आणि दस्ता यांच्या फटीत पुढच्या टोकाकडून घाल आणि ॲक्शनपर्यंत सरकवत ने. या रायफलीची नळी मोकळी असायला हवी, दस्त्याला कुठेही न शिवता. नोट अडली तर कुठे अडली ते लिही.


अनगोळकर
८ जुलै, रात्री १०.१५

अडली. डाव्या बाजूला, स्लिंगचा (हाताला बांधायच्या पट्ट्याचा) हँडस्टॉप, म्हणजे पुढच्या हाताचा अडसर, जिथे लागतो त्याच्या थोडी मागे, साधारण चार बोटं लांबीत. उजव्या बाजूने नोट सरळ आत जाते. डावीकडे बोटाने दस्ता जरा बाहेर दाबला की सुटते, सोडला की परत धरते.


निपाणीची ताई
८ जुलै, रात्री १०.५०

अनगोळकर दादा, हे अगदी महत्त्वाचं सापडलं. स्लिंग ताणली की दस्त्याचा पुढचा भाग थोडा वाकतो. नळी मोकळी असेल तर त्याचा परिणाम नळीवर होत नाही. शिवत असेल तर तुमच्या हाताचा प्रत्येक ताण नळीपर्यंत जातो, आणि तो प्रत्येक गोळीला सारखा नसतो. पोत्यावर टेकवली तरी तेच, पोतं कुठे लागतं त्यावर दाब बदलतो.

पण एवढ्यावर थांबू नका. तुमचा ग्रुप दोन जागी पडतोय, पहिल्या चार-पाच एकीकडे, बाकीच्या दुसरीकडे. मला वाटतं ॲक्शन दस्त्यात दोन जागी बसतेय. एका जागी सुरुवात, आणि चार धक्क्यांनी सरकून दुसरी जागा.

आणि पुलथ्रूबद्दल. चिंदी ओढणं वाईट नाही, पण दोरी दर वेळी नळीच्या तोंडाच्या त्याच काठावरून वाकडी येत असेल तर क्राउन झिजतो. गोळी नळी सोडते तो शेवटचा काठ चारही बाजूंनी सारखा हवा, नाहीतर मागचा वायू एका बाजूने आधी निसटतो आणि गोळीला ढकलतो. मागून, बोल्ट काढून, बोअर गाईड (रॉड सरळ ठेवणारी नळी) लावून कोटिंग केलेला रॉड वापरा. चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसतं त्या जागेच्या, पुढच्या दोन-तीन सेंटिमीटरमध्ये .२२ ला एक कडक वळं जमतं, शिसं, जळलेला बारूद आणि प्रायमरमधली (पेटवणाऱ्या द्रव्यातली) काच मिळून. चिंदीने ते जात नाही, तिच्याखालीच राहतं. सॉल्व्हंट लावून पंधरा मिनिटं थांबायचं, मग ब्राँझचा ब्रश मागून पुढे, दहा-बारा फेऱ्या. घासायची पेस्ट मात्र हात न बसलेल्या माणसाने वापरू नये.

साफ केल्यावर लगेच ग्रुप मोजू नका. पहिल्या पंधरा-वीस गोळ्या नळीला परत मेणाचा थर द्यायला जातात. काडतुसाचा ब्रँड बदललात तरी तेच, कारण प्रत्येकाचं मेण वेगळं.


चिकोडी ७७
९ जुलै, दुपारी १.२०

क्राउन खराब असेल तर तोंडाकडून पाव इंच कापून नवा क्राउन काढला की काम झालं. लेथवाला कुणीही करून देईल.


निवृत्त सुभेदार
९ जुलै, दुपारी २.००

चिकोडीकर, हे इथे लिहू नका. नळी कमी करायला कायद्याने परवाना लागतो, शस्त्र कायदा १९५९ मध्ये त्यासाठी वेगळं कलम आहे. आणि शस्त्राची दुरुस्ती परवानाधारक गनस्मिथनेच करायची. लेथवाला कितीही हुशार असो, त्याच्या दुकानात नळी गेली तर तो आणि मालक दोघेही अडकतील. शिवाय अजून क्राउन तपासलेलाही नाही. आधी माप, मग हत्यार.


उद्यमबाग लेथ
९ जुलै, रात्री ९.३०

सुभेदारकाका बरोबर बोलले ओ. मी लेथवालाच हाय, हायड्रॉलिकचे पार्ट करतो, आणि कुणाची नळी मी कापणार नाही. पण मोजायला काय हरकत नाही की.

अनगोळकर दादा, रायफल माझ्याकडे आणू नका. रविवारी तुमच्या क्लबच्या रेंजवर मीच येतो, डायल गेज आणि मॅग्नेटिक स्टँड घेऊन. गेजचा एक भाग ०.०१ मिलिमीटर. नळीवर स्टँड बसवायचा, गेजचं टोक दस्त्याच्या पुढच्या टोकाला लावायचं, आणि मागचा स्क्रू हळूहळू सैल करायचा. काटा किती हलतो बघायचं. ॲक्शन नीट बसलेली असेल तर काटा जवळजवळ हलत नाही. जास्त हलला म्हणजे स्क्रू आवळताना लोखंड लाकडावर वाकतंय, ताण घेऊन बसतंय. मोजल्याशिवाय काय कळतंय ओ.


खानापूर कॅडेट
१० जुलै, सायं. ६.१५

मी एनसीसीत आहे. आमच्याकडच्या .२२ रायफलींनाही हेच सगळं लागू होतं का? आमच्या एका रायफलीला दर चार-पाच गोळ्यांत एक फुसकी जाते, पिनचा मार दिसतो पण काडतूस फुटत नाही.


निवृत्त सुभेदार
१० जुलै, सायं. ७.००

कॅडेट, ती रायफल सरकारची आहे. तू काही उघडू नकोस. तुमच्या पीआय स्टाफला, म्हणजे लष्करी प्रशिक्षकांना, काडतूस दाखव, मार कसा पडलाय ते दाखव, ते आर्मररकडे (शस्त्रं दुरुस्त करणाऱ्याकडे) पाठवतील. फुसकी गेली तर नळी टार्गेटकडेच ठेवून आधी थांबायचं, लगेच बोल्ट उघडायचा नाही, हे तुला शिकवलं असेलच.

कारण मात्र समजून घे, शिकण्यासारखं आहे. .२२ लाँग रायफलचं काडतूस १८८७ पासून तसंच आहे. त्याच्या मधे वेगळी टोपी नसते. पेटणारं द्रव्य बुडाच्या कडेत, रिमच्या पोकळीत भरलेलं असतं. पिन त्या रिमला चेंबरच्या काठावर चेपते आणि ते पेटतं. स्प्रिंग थकली किंवा बोल्टमधलं तेल घट्ट झालं की मार हलका पडतो. फुसकी जाणं ही शेवटची पायरी. त्याच्या आधी कितीतरी दिवस रायफल पेटवत असते, पण सारखी पेटवत नसते. एक गोळी जोरात, एक हळू.

बऱ्याच जुन्या रिमफायर, म्हणजे असं काडतूस मारणाऱ्या रायफली, रिकाम्या चालवूनही बिघडतात. काडतूस नसलं की पिन थेट चेंबरच्या काठावर आपटते आणि तिथे खळगा पडतो. मग मार कितीही जोरात असला तरी रिम त्या खळग्यात दबते. ड्राय प्रॅक्टिसला (गोळीशिवायच्या सरावाला) काय वापरायचं ते तुमच्या स्टाफला विचार.


दुधाळीकर
१० जुलै, रात्री ८.३०

सुभेदारसाहेबांच्या "एक जोरात, एक हळू" ला आकडा देतो. स्टँडर्ड काडतुसाचा वेग साधारण ३२५ मीटर प्रति सेकंद. दोन गोळ्यांच्या वेगात १० मीटरचा फरक पडला तर ५० मीटरला उंचीत सुमारे ८ मिलिमीटरचा फरक येतो. टार्गेटवरच्या दोन रिंगांमधलं अंतरही ८ मिलिमीटरच. म्हणजे एक अख्खा गुण, आणि मारणाऱ्याची काही चूक नसताना. ग्रुप उभा ताणलेला दिसला की बोल्टकडे आणि काडतुसाच्या लॉटकडे बघा. आडवा ताणला तर वारा. ताशी १६ किलोमीटरचा सरळ आडवा वारा गोळीला जवळजवळ ३ सेंटिमीटर ढकलतो, आणि बेळगावात जुलैत तो वारा असतोच. आणि तुमच्यासारखे दोन पुंजके पडले तर ॲक्शनची दस्त्यातली बैठक, साइट किंवा नळीला लागणारा दाब.


अनगोळकर
१३ जुलै, रात्री ९.२०

आजचा दिवस कायम लक्षात राहील असा गेला, म्हणून सगळं लिहितो.

उद्यमबागचे दादा सकाळी साडेआठला छत्री आणि लाकडी पेटी घेऊन रेंजवर हजर. पेटीत मखमलीत डायल गेज. पावसाची रिपरिप होती, आम्ही पत्र्याच्या शेडखाली टेबलावर रायफल ठेवली, बोल्ट काढून बाजूला, क्लबच्या सरांनी चेंबर रिकामं असल्याचं बघितलं. दादांनी स्टँड नळीवर चिकटवला, गेजचं टोक दस्त्याच्या टोकाला, काटा शून्यावर आणला. मला म्हणाले, "आता मागचा स्क्रू सोडा, सावकाश." मी पाव आटा फिरवला आणि काटा निघाला. पाच, दहा, चौदा. थांबला १८ वर. ०.१८ मिलिमीटर. आवळला की परत शून्याकडे, पण नेमका शून्यावर कधीच नाही. एकदा ३ वर थांबला, एकदा ५ वर. दादा काही बोलले नाहीत, परत परत करून बघत राहिले, आणि प्रत्येक आकडा खडूने टेबलावर लिहीत गेले. मग म्हणाले, "दर वेळी नव्या जागी बसालीय ओ ही."

निपाणीच्या ताईंनी जे नुसत्या ग्रुपवरून ओळखलं ते समोर काट्यावर दिसलं.

मग ॲक्शन दस्त्यातून काढली. मागच्या स्क्रूच्या भोवतीचं लाकूड वर्षानुवर्षांच्या तेलाने काळं आणि मऊ झालेलं, नखाने दाबलं तर खूण उमटत होती. पुढच्या बाजूला ॲक्शन फक्त दोन ठिकाणी टेकत होती, तिथे लाकूड चकचकीत झालेलं. बाकी खाचेत धूळ आणि कच्चं लाकूड.

काकांनी या रायफलीची किती काळजी घेतली ते मी पाहिलंय. दर रविवारी संध्याकाळी व्हरांड्यात बसून तेलाचं बोट फिरवायचे. तेच तेल स्क्रूच्या भोकातून लाकडात उतरत गेलं असणार. हे लिहिताना वाईट वाटतंय, पण त्यांना कळलं असतं तर सगळ्यात आधी त्यांनीच दुरुस्त केलं असतं.


निपाणीची ताई
१३ जुलै, रात्री १०.००

दादा, त्यात काकांचा काही दोष नाही. त्या काळी सगळेच तसं करत. माझ्या वडिलांच्या बीएसए मार्टिनीचं, जुन्या ब्रिटिश टार्गेट रायफलीचं, हेच झालं होतं. तिचा दस्ता दोन तुकड्यांचा आणि पुढचा तुकडा नळीला धरून, त्यामुळे पावसात तो नळी ढकलायचा. मार्टिनीला तर मागून सरळ रॉडही घालता येत नाही, तोंडाकडूनच साफ करावी लागते, म्हणून आम्ही तोंडाला पितळेचा गाईड लावूनच रॉड घालायचो.

आता बेडिंग, म्हणजे ॲक्शनची दस्त्यातली बैठक, नव्याने करून घ्या. मऊ झालेलं लाकूड कोरून काढतात, स्क्रूच्या दोन्ही भोकांत ॲल्युमिनियमचे पिलर (छोटी नळकांडी) बसवतात, आणि ॲक्शनच्या खाली इपॉक्सी भरून त्यात ॲक्शनचाच ठसा घेतात. ॲक्शनला आधी मेणाचा नीट थर हवा, नाहीतर ती कायमची चिकटते. पिलर बसले की स्क्रू लाकूड दाबत नाहीत, लोखंड ॲल्युमिनियमवर बसतं. मग पाऊस असो, ऊन असो. शेवटी आतली सगळी खाच आणि बटप्लेटखालचं (दस्त्याच्या मागच्या टोकाच्या पट्टीखालचं) लाकूड पातळ वार्निशचे दोन-तीन हात देऊन बंद करायचं. बटप्लेटखाली लाकडाची टोकाची रेष उघडी असते, सगळ्यात जास्त पाणी तिथूनच शिरतं, आणि तेच सगळे विसरतात.


दुधाळीकर
१४ जुलै, सकाळी ६.५०

कोल्हापूरला परवानाधारक गनस्मिथ आहेत, बेडिंगचं काम नीट करतात. पण अनगोळकर, निघण्याआधी परवान्यावर क्षेत्र काय लिहिलंय ते बघा. नुसतं कर्नाटक असेल तर कोगनोळी नाका ओलांडून रायफल आणता येणार नाही. आपल्याला कोल्हापूर घरचं वाटतं, पण कायद्याला ते दुसरं राज्य. क्षेत्र वाढवून घ्यायचा अर्ज आधी करा, घाई करू नका.


अनगोळकर
१४ जुलै, रात्री ८.००

बघितलं. काकांनी स्पर्धांसाठी संपूर्ण भारताचं क्षेत्र घेतलं होतं, माझ्याकडे परवाना आला तेव्हा मीही तेच मागितलं होतं. कागद बरोबर ठेवीन.

जायच्या आधी दुधाळीकरांच्या नियमाने एकेक गोष्ट वेगळी तपासतो. आधी फक्त साफसफाई, मग फक्त बोल्ट, मग बेडिंग.


अनगोळकर
१० ऑगस्ट, रात्री ९.१०

उशीर झाला, पण आता हातात आकडे आहेत. प्रत्येक टप्प्याला दहा-दहाचे पाच ग्रुप, तोच लॉट, पोत्यावरून, वारा पडलेला बघून सकाळी सात ते नऊ.

साफसफाईच्या आधी सरासरी ३१ मिलिमीटर.

मागून रॉडने साफ केल्यावर, वीस गोळ्या सोडून, सरासरी २८. चेंबरपुढचं वळं खरंच होतं. पहिल्या चिंध्या काळ्या, तिसऱ्या दिवशी ब्रशला करडे बारीक कण. एका ओळखीच्यांकडे तारेचा कॅमेरा होता, त्याने आत बघितलं: रायफलिंगच्या (नळीतल्या वळणदार खाचांच्या) कडा शेवटपर्यंत स्वच्छ. क्राउनच्या एका बाजूला दोरीची पुसट झीज आहे, पण काठ तुटलेला नाही. गनस्मिथनी नंतर तेच सांगितलं, आत्ता हात लावू नका म्हणाले.

बोल्ट गनस्मिथकडून उघडून घेतला. स्प्रिंगच्या वेटोळ्यांत जुनं ग्रीस मधासारखं पिवळं आणि चिकट होऊन बसलं होतं, काडीने खरवडावं लागलं. स्प्रिंग नव्या स्प्रिंगशेजारी ठेवली तर आखूड दिसली. नवी घातली, आत फक्त पातळ तेलाचा पुसट हात. रिकाम्या केसांवरचा मार आता रुंद आणि सारखा दिसतो. ग्रुप २४, आणि उभा ताण कमी झालेला नजरेला दिसत होता. दोन पुंजके मात्र तसेच.

मग बेडिंग. आठ दिवस दस्ता त्यांच्याकडे होता, इपॉक्सी पूर्ण बसू दिली. नळीची खाच डावीकडे थोडी मोकळी केली, आतून वार्निश, बटप्लेटखालीही. परत आल्यावर उद्यमबागचे दादा परत गेज घेऊन आले. स्क्रू सोडला. काटा ०.०२ वर गेला आणि तिथेच राहिला. परत आवळला, शून्य. दादांनी पाच वेळा केलं, पाचही वेळा शून्य.


उद्यमबाग लेथ
१० ऑगस्ट, रात्री ९.३०

पाचही वेळा. मी घरी जाऊन बायकोला पण सांगितलं ओ. आणि ग्रुप किती आला ते लिहा की, सगळे थांबलेत.


अनगोळकर
१० ऑगस्ट, रात्री ९.५५

लिहितो. काल सकाळी भरपूर पाऊस होता, हवा इतकी ओली की डायऑप्टरची (मागच्या साइटची) काच दोनदा पुसावी लागली. मुद्दाम तोच दिवस निवडला. स्क्रू टॉर्क रेंचने (आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने) आधी ४ न्यूटन मीटरवर, मग साडेचारवर. ४ वर सरासरी १८.५. साडेचारवर पाच ग्रुप असे: १६, १७, १५, १९, १६. दोन पुंजके पूर्ण गेले, पाचही ग्रुप एका भोकासारखे गोल. १९ मध्ये एक गोळी माझीच सुटलेली, ट्रिगर दाबतानाच कळलं होतं. दहाची नोट ॲक्शनपर्यंत सरळ जाते, दोन्ही बाजूंनी, भर पावसात.

खर्च नव्या नळीच्या जवळपासही गेला नाही.


निवृत्त सुभेदार
१० ऑगस्ट, रात्री १०.२०

शाब्बास. साडेचारवरच ठेव, पाचच्या वर जाऊ नकोस. रेंचचा आकडा आणि तारीख काकांच्या वहीत लिही, नव्या वहीत नको. आणि नोव्हेंबरात हवा कोरडी झाली की परत पाच ग्रुप मार. लाकूड आकसल्यावरही आकडा तोच राहिला पाहिजे.


निपाणीची ताई
१० ऑगस्ट, रात्री १०.४०

दादा, फार आनंद झाला. आता काडतुसांकडे वळा. रायफल एवढी स्थिर झाली की लॉटमधला फरक दिसायला लागतो, आधी दिसलाच नसता. स्टँडर्ड प्लसचे दोन-तीन वेगळे लॉट आणि जमलं तर एली या दुसऱ्या ब्रँडची एक पेटी, प्रत्येकी पाच ग्रुप. एलीच्या पेटीवर लॉट क्रमांकाबरोबर वेगाचा आकडाही छापलेला असतो, तो लिहून ठेवा. जो लॉट तुमच्या नळीला आवडेल तोच वर्षभराचा घ्या, परवान्यावर जेवढी मर्यादा आहे तेवढा.


अनगोळकर
११ ऑगस्ट, सकाळी ७.३०

ताई, माझ्याकडे जुन्या लॉटच्या चारशे गोळ्या उरल्यात. त्या नोव्हेंबरच्या चाचणीसाठी बाजूला ठेवल्या, म्हणजे आकडे जुळवता येतील. नवे लॉट त्यानंतर.

वहीत लिहिलं, सुभेदारसाहेब. काकांच्या "वारा नाही, तरी" या ओळीच्या खालीच जागा होती.